भंगारातली जीप उभी करताना

जुनी, स्वस्तात मिळालेली गाडी घ्यायची, तिच्यावरचे नको ते सगळे उतरवायचे, इंजिनाची ताकद वाढवायची किंवा दुसरेच इंजिन बसवायचे आणि ती आपल्या हातांनी पुन्हा उभी करायची, या उद्योगाला अमेरिकेत ‘हॉट रॉड’ असे नाव पडले. 1908 ते 1927 या काळात फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी’ ही गाडी दीड कोटीहून अधिक संख्येने बनवली. 1932 साली त्याच कंपनीने आठ सिलिंडरचे, 65 अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत दिले. या गाड्या जुन्या होऊन भंगाराच्या भावात येऊ लागल्या तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांची मडगार्डे, टप, काचा काढून त्या हलक्या केल्या आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायला सुरुवात केली. 1937 मध्ये त्यांची पहिली मोठी संघटना झाली. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक निघाले आणि 1951 मध्ये शर्यतींना नियम घालून देणारी राष्ट्रीय संस्था आली. रस्त्यावरची शर्यत, पोलिसांचा ससेमिरा आणि कच्च्या ब्रेकांचे अपघात, या तिन्हींतून सुटण्यासाठी हे नियम त्या पोरांनी स्वतःहून मागितले होते.

मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या तापीकाठी ‘मॉडेल टी’चा असा सुकाळ कधी नव्हता. इथल्या हौशी हातांना मिळाली ती जीप. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जोडणी सुरू केली, पुढे सीजे-3बी हे मॉडेल वर्षानुवर्षे इथेच तयार केले आणि नंतर एमएम-540 सारख्या डिझेल गाड्या आणल्या. मध्य प्रदेशातच जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी 1999 पर्यंत जोंगा तयार होत असे. सरकारी खात्यांच्या आणि लष्कराच्या लिलावांतून निघालेल्या या गाड्या गावोगावी पसरल्या. पंजाबच्या सीमेवर हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीपा नव्याने बांधून विकण्याचा बाजारच उभा राहिला. दापोरा, शाहपूर, इच्छापूर, रावेर या पट्ट्यात केळी आणि कपाशीचा पैसा हातात येतो, शेतावर जायला दणकट गाडी लागतेच, आणि घरामागे पत्र्याची शेड असते. पहिली गाडी बांधायला एवढे भांडवल पुरते. उरलेले बुऱ्हाणपूर किंवा भुसावळच्या लेथवाल्याकडे आणि सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळते.

जीपच का, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. तिची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असते. बॉडी नटबोल्टने वर बसवलेली असते. पत्रे बहुतेक सपाट, त्यामुळे गावातला लोहारसुद्धा नवी हौदी ठोकून देतो. मारुती 800 सारख्या गाडीत वेगळी चासी नसते. तिचा पत्रा हाच सांगाडा असतो. छत कापले, दार भरून टाकले, खालचा पत्रा बदलला की गाडीचा कणाच मोडतो. नवशिक्याने अशा गाडीची हौस धरू नये.

या हौसेचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे या गावचे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे. तिथले लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे आणि दुचाकींचे भाग जोडून, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च आला सुमारे 60,000 रुपये. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत सगळीकडे फिरली. आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल. तेव्हा तिच्या बदल्यात नवी बोलेरो घ्यावी. जानेवारी 2022 मध्ये तो सौदा झाला. त्याच्या कितीतरी आधी, 1940 च्या दशकात, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचे काम हाती घेतले होते. त्या गाडीचे नमुने धावले, कारखाना मात्र उभा राहिला नाही. दोन्ही ठिकाणी हाताच्या कसबात काही उणे नव्हते. गाडी अडली ती लोखंडाच्या पलीकडच्या गोष्टींवर.

पहिली गाडी बांधणाऱ्या बहुतेकांचे चुकते ते इथेच. विशी-बाविशीतला मुलगा आधी इंजिन घेतो, मग रुंद टायर, मग रंग, मग दिवे. ब्रेकचा विचार गाडी पहिल्यांदा धावल्यावर सुचतो आणि कागदांचा पहिल्यांदा अडवली गेल्यावर. बरोबर क्रम जवळजवळ उलटा आहे: कागद, चासी, ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर इंजिन, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. वीस-तीस वर्षांनी मागे वळून पाहणारे जुने मिस्त्री ज्या चुका सांगतात त्यांतल्या अर्ध्याअधिक या क्रमाच्याच असतात.

कागदांत पहिली गोष्ट म्हणजे आरसी आणि चासी नंबर जुळणे. विकणाऱ्याने दाखवलेला नंबर नुसता वाचून चालत नाही. त्याची छाप घ्यावी. चासीवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला गंज आणि जुना रंग तारेच्या ब्रशने आणि बारीक घासपेपरने हलक्या हाताने काढावा. ग्राइंडर अजिबात लावू नये, कारण त्याने आकड्यांच्या कडा जातात आणि खरा नंबरही संशयास्पद दिसू लागतो. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे उमटतात. आकडे एका ओळीत नसतील, एखादा खोल आणि एखादा उथळ असेल, किंवा आजूबाजूचे लोखंड खोलगट घासलेले दिसले, तर गाडी कितीही स्वस्त असो, तिथून परत फिरावे. इंजिन नंबरचीही अशीच छाप घ्यावी. आरसीवरचे इंजिन आणि बॉनेटखालचे इंजिन वेगळे असणे जुन्या जीपांत इतके नेहमीचे आहे की विकणारा ते सांगायलाही विसरतो.

सीमेवरच्या गावाला आणखी एक बाब पाहावी लागते. रावेर किंवा भुसावळकडची जीप एमएच-19 क्रमांकाची असते, तर बुऱ्हाणपूरचा क्रमांक एमपी-68. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर इथला क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते. मालकी बदलाला फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यांतर्गत व्यवहाराला 14 दिवसांची आणि दुसऱ्या राज्यातल्या व्यवहाराला 45 दिवसांची मुदत असते. रस्ता कर नव्या राज्यात पुन्हा भरावा लागतो, हा खर्च सौदा करतानाच धरावा. बुऱ्हाणपूर जिल्हा 2003 मध्ये खंडव्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या इथल्या गाडीवर एमपी-12 असेल तर त्यात काही काळेबेरे नाही. फार जुन्या हस्तलिखित नोंदी मात्र ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेल्या नसतात. तशा गाडीची आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत स्पॅनरला हात न लावणे शहाणपणाचे.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून दर 5 वर्षांनी ती वाढवता येते. 2022 पासून 15 वर्षांवरील चारचाकीचे नूतनीकरण शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले. पुढेही दर बदलले, म्हणून चालू आकडा आरटीओतच विचारावा. सरकारी खात्यांच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपुष्टात येते आणि त्या मोडीतच काढाव्या लागतात. त्यामुळे ‘खात्याची जीप लिलावात उचलली’ हा जुना सोपा मार्ग आता रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी उरलेला नाही. अशा गाडीतले सुटे भाग तेवढे कामाचे.

बदलाचा कायदा नीट समजून घेणे गरजेचे आहे, कारण हॉट रॉडच्या सगळ्या गमतीच्या आड नेमका तोच येतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कंपनीच्याच जातीचे इंजिन बसवणे, मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी करणे, हे आरटीओच्या परवानगीने आणि आरसीवर नोंद करून होते. चासी कापून लांबी कमी-जास्त करणे, चार माणसांच्या गाडीत आठ जागा करणे हे होत नाही. ‘शेतातच चालवायची, कोण विचारतो’ हा समजही चुकीचा आहे. नोंदणीचे कलम सार्वजनिक जागेबरोबर ‘इतर कोणत्याही जागे’चाही उल्लेख करते. 50 वर्षांहून जुन्या गाडीसाठी 2021 पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिले शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. तिच्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे हवे आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. थोडक्यात, कायद्यात राहून जी गाडी बांधता येते ती मूळ गाडीच्या आराखड्यातली, नव्यासारखी घट्ट केलेली जीप. उंच सस्पेन्शन आणि ट्रॅक्टरएवढ्या टायरांची भूक भागवायला 2014 पासून गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या बंदिस्त स्पर्धा आहेत, आणि तिथेही गाडी रस्त्याने चालवत नव्हे तर ट्रकवर चढवून नेतात.

कागद पक्के झाले की गाडी टोचन करून आणावी आणि खोलायला घ्यावी. दसऱ्यानंतर सुरुवात आणि पावसाळ्याआधी शेवट, हे वेळापत्रक या भागाला बरे पडते. पावसात पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणे धोक्याचे असते आणि उघडे पडलेले लोखंड आठ दिवसांत पिवळे होते. खोलतानाच एक सवय लावून घ्यावी: प्रत्येक जोडाचा आधी फोटो, मग त्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर कागदाची चिठ्ठी. सगळे बोल्ट एका घमेल्यात टाकणारा मुलगा चार महिन्यांनी त्याच घमेल्यासमोर दोन दिवस बसतो.

चासी सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. चासी चार घोड्यांवर सपाटीत ठेवावी. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगांच्या, हँगरच्या भोकांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने चार खुणा कराव्यात, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन्ही कर्ण मोजावेत. दोन कर्णांत चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालण्यासारखा. बोटभर फरक असला की चासी तिरपी झाली आहे आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढणार. गंज मुख्यतः पाट्यांच्या हँगरपाशी आणि मागच्या आडव्या पट्टीत लागतो, कारण तिथे चिखल साचतो. तिथे छोट्या हातोडीने ठोकून पाहावे. घट्ट लोखंड खणखणते, आतून पोखरलेले बद्द वाजते. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा भरावा आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची, म्हणजे टोकदार कोपऱ्यांची, पट्टी बसवावी. चासीला आडवा सरळ वेल्ड मारला तर नेमक्या त्याच रेषेवर ती पुढे तुटते. वेल्ड पाणी ओतून थंड करण्याची घाई लोखंड ठिसूळ करते. बॅटरीची तार आधी सोडावी. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करायचेच नाही. टाकी महिनाभर रिकामी पडलेली असली तरी आत वाफ असते, आणि ती वाफ पेट्रोलपेक्षा वाईट.

ब्रेकला इथे जास्त जागा दिली आहे, कारण पहिल्या गाडीत सगळ्यात कमी पैसे त्यावरच खर्च होतात. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा चौपट होते. 40 च्या वेगात ठीक वाटणारा ब्रेक 80 ला तसाच राहतो असे समजणे हीच नवशिक्याची चूक. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असतो. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून जुने पाइप वाचवायचा प्रयत्न करू नये. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडून आतली भिंत बोटाने पाहावी. नखाला ओरखडा लागला तर नुसते रबर बदलून भागत नाही. पाइप पोलादी घ्यावेत आणि त्यांची टोके दुहेरी फुलवून बसवावीत. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून बरेच जण लावतात, पण रोजच्या थरथरीने तांबे कडक होऊन तडकते. ब्रेक ऑइल डॉट-3 चे घ्यावे आणि त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये. त्याने आतली रबरे फुगून चाके जाम होतात. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या चाकापासून, सुरुवात करून मास्टर सिलिंडरच्या जवळच्या चाकाशी संपवावे. एक माणूस पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडून बाटलीत बुडवलेल्या नळीतले बुडबुडे पाहतो. पेडल दाबलेले असतानाच निपल बंद झाले पाहिजे, नाहीतर तीच हवा परत आत जाते. पेडल दगडासारखे घट्ट लागेपर्यंत हे करावे. दोघांतले एकमेकांवर ओरडणे हाही या कामाचा ठरलेला भाग आहे.

स्टिअरिंगमध्ये किंग पिन, टायरॉडची टोके आणि पाट्यांचे बुश पाहावेत. चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवले की ढिलाई हाताला कळते. सीजे-3बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर 80 इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर, आणि दोन बाजूंच्या चाकांतली रुंदी सव्वा मीटरच्या आसपास आहे. इतक्या आखूड आणि अरुंद गाडीला उंच पाटे लावले की ती वळणावर उलटायला निमित्तच शोधते.

आता इंजिन. आहे ते इंजिन खोलण्याआधी त्याचे कॉम्प्रेशन मोजावे. एखाद्या सिलिंडरचे कमी भरले तर पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग-पिस्टन गेले. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढ्या साध्या चाचणीने कित्येकांचे बोअरचे पैसे वाचतात. बोअर करायचीच वेळ आली तर लेथवाला ‘वीस थाऊ’, ‘तीस थाऊ’ असे बोलतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आधी कोणत्या मापाचे पिस्टन बाजारात मिळतात ते पाहून ते हातात घ्यावेत आणि मगच सिलिंडर त्यांच्या मापाला कापून घ्यावा. उलट केले की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

दुसरे इंजिन बसवण्याचा मोह पेट्रोलच्या जीपला डिझेल लावण्याच्या रूपात येतो. परवानगीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब पाहण्यासारखा आहे. सीजे-3बीच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर 5.38 आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या 5.38 फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. 16 इंची जुन्या मापाच्या टायरचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर चाकाचे 558 फेरे होतात आणि गाडी ताशी 75 किलोमीटरने धावते. त्या जागी 2,200 फेऱ्यांवर दम संपणारे ट्रॅक्टरजातीचे इंजिन लावले तर वेग 55 वर येऊन थांबतो. इंजिन कितीही ताकदवान असो, आकडा हलत नाही. शिवाय डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या ब्रेकांवर भार वाढतो. एका बदलापाठोपाठ पाच बदल येतात. मूळ एफ-हेड पेट्रोल इंजिन, म्हणजे आत येणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असलेले 2,199 घनसेंटिमीटरचे, नीट बांधले तर जीपला पुरेसे आहे. पेट्रोल पिते हे खरे, पण रोज इंदूरला जाण्यासाठी ही गाडी कोणी बांधत नाही.

तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. म्हणून रेडिएटर वेगळा पाहावा. वरची टाकी उघडून नळ्यांत सळई मारून घ्यावी. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार त्यांत चुन्यासारखे बसलेले असतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची इथली सवय चुकीची आहे. तापण्याचे कारण बहुतेक वेळा तुंबलेला रेडिएटर, ढिला पट्टा किंवा पंख्याभोवतीचे हरवलेले पत्र्याचे कडे असते.

वायरिंग पूर्ण नवी करावी, जुन्या तारांना टेप गुंडाळत बसू नये. प्रत्येक जोडणीला वेगळा फ्यूज, आणि इंजिन ते चासी जाड अर्थची पट्टी, एवढे पाळले की निम्मे त्रास टळतात. मग रंग. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर जीपच्या हादऱ्यांनी तो पापुद्रा होऊन सुटतो. त्यापेक्षा पत्रा ठोकून सरळ करण्यात दोन दिवस घालवावेत. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून ब्रेकचे काम रंगाआधी पूर्ण झालेले असावे. क्रमाचा मुद्दा इथेही येतोच.

पैशांचा अंदाज काढला की त्यात आणखी एक तृतीयांश मिळवून ठेवावा आणि तो भाग फक्त न दिसलेल्या कामांसाठी राखावा. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी: तारीख, भाग, माप, दुकान, रक्कम. बोअर किती थाऊचा केला, क्रँक किती घासला, कोणते बेअरिंग घातले हे पाच वर्षांनी पुन्हा इंजिन खोलताना दुसरे कोणीही सांगू शकत नाही. काढलेले जुने भागही निदान गाडीचे पासिंग होईपर्यंत टाकू नयेत. काही वेळा नवा म्हणून आणलेला भाग जुन्यापेक्षा हलका निघतो, आणि मग भंगारवाल्याकडे धावत जाऊन तोच जुना परत आणावा लागतो.

विम्याचे काम पहिल्या फेरीआधी करावे. तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि गाडीत केलेले नोंदणीकृत बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर अपघातानंतर दावा अडकतो. पहिली फेरी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर आणि 30 च्या वेगात घ्यावी. दर शंभर मीटरवर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. परत आल्यावर चारही ड्रमना हात लावावा. एक इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथले शू घासत आहेत. नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिले 500 किलोमीटर ओढ देऊ नये आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नये. त्यानंतर ऑइल बदलावे आणि निघालेले ऑइल फडक्यातून गाळून पाहावे. बारीक चकाकी दिसली तर चालते, बोटांत धरता येईल असा लोखंडाचा कण दिसला तर इंजिन पुन्हा खोलावे लागते. चाकांचे नट पहिल्या 50 किलोमीटरनंतर आणि पाट्यांचे यू-बोल्ट आठवड्याने पुन्हा आवळावेत, कारण नवा रंग आणि नवी बुशे बसत जातात तसे ते ढिले होतात. हे आवळून झाले की त्याची तारीखही वहीत लिहावी.